रोजचं काम रोज होईलच कशावरून?

डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून थंड वारे सुटले की धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातल्या तापमानाचा आकडा राज्यभरच्या बातम्यांत झळकतो. त्याच दिवसांत तापीकाठच्या रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यात केळी उत्पादकांच्या जिवाला घोर लागलेला असतो. केळी हे उष्ण प्रदेशातलं पीक. पारा फार उतरला की नवीन पान निघण्याचा वेग मंदावतो, पानं पिवळी पडू लागतात, निसवण लांबते आणि घड पोसत नाही. एखाद्या रात्रीची थंडी झाड सोसून जातं. सलग काही रात्री तशाच गेल्या, की नुकसान वाढत जातं.

म्हणूनच हवामानावर आधारित फळपीक विम्यात ‘सलग’ या शब्दाला मोल आहे. ठरलेल्या काळात, ठरलेल्या पातळीच्या खाली, ठरलेले दिवस सलग तापमान राहिलं तर भरपाई देय होते. विमा कंपनीचा माणूस बागेत येऊन घड मोजत नाही. हवामान केंद्राचे आकडे बोलतात. महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पातून २०१७ पासून महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. केंद्र मोजत राहतं, आकडे पाठवत राहतं, आणि कुठला तरी प्रोग्रॅम रोज त्यांचा हिशेब करतो.

या प्रकरणात आपण तसाच एक हिशेब जावा भाषेत स्वतः लिहायला घेणार आहोत. सरकारी योजनेचे आकडे आणि अटी शासन निर्णयानुसार बदलतात, म्हणून उदाहरणापुरता नियम असा धरू: किमान तापमान सलग ३ दिवस ८ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली राहिलं, तर त्या मंडळातल्या शेतकऱ्यांना एसएमएस जायला हवा आणि दाव्याची नोंद व्हायला हवी. गणित चौथीतल्या मुलाला जमेल असं आहे. अवघड आहे ते एवढंच, की हे काम रोज झालं पाहिजे, एकदाच झालं पाहिजे, आणि कोणी पाहत नसताना झालं पाहिजे.

गुपचूप थांबणारा टायमर

जावात ठरावीक वेळाने काम करून घेण्याची सोय जुनी आहे. २००० साली आलेल्या जावा १.३ मध्ये ‘टायमर’ नावाचा वर्ग आला. त्याला काम सोपवायचं, किती वेळाने पुन्हा करायचं ते सांगायचं, की झालं. टायमरच्या पोटात एकच थ्रेड असतो, म्हणजे सगळी कामं करणारा एकच गडी. एखादं काम लांबलं की मागची सगळी कामं खोळंबतात. त्याहून वाईट म्हणजे, एका कामात न हाताळलेली चूक उद्भवली तर तो थ्रेडच संपतो आणि त्या टायमरवरची इतर सगळी कामंही कायमची बंद पडतात.

२००४ मध्ये जावा ५ बरोबर ‘स्केड्यूल्ड एक्झिक्युटर सर्व्हिस’ आली. समांतर प्रोग्रॅमिंगवर डग ली यांनी वर्षानुवर्षं केलेल्या कामातून ती घडली. तिच्यात हवे तेवढे थ्रेड ठेवता येतात. दोन फेऱ्यांमधलं अंतर ती भिंतीवरच्या घड्याळाऐवजी यंत्राच्या आतल्या, फक्त पुढेच सरकणाऱ्या मोजणीवर तोलते. त्यामुळे कोणी सर्व्हरचं घड्याळ मागेपुढे केलं तरी अंतर बिघडत नाही. आजही साध्या कामांसाठी टायमरऐवजी हीच वापरावी.

पण हिच्यातही एक खड्डा आहे आणि नवशिके त्यात हमखास पडतात. समजा, दर १० मिनिटांनी सगळ्या केंद्रांचे आकडे ओढून आणणारं काम आपण तिच्याकडे दिलं. तीन आठवडे सगळं सुरळीत. मग एका पहाटे एका केंद्राच्या तापमानाच्या रकान्यात आकड्याऐवजी रिकामी जागा आली. रिकाम्या जागेचा आकडा करताना एक्सेप्शन उडालं. या सेवेचा नियम दस्तऐवजात स्वच्छ लिहिलेला आहे: एखाद्या फेरीत एक्सेप्शन बाहेर पडलं, तर त्या कामाच्या पुढच्या सगळ्या फेऱ्या रद्द. लॉगमध्ये आपसूक काहीही उमटत नाही. ते एक्सेप्शन काम सोपवताना परत मिळालेल्या ‘फ्यूचर’ या वस्तूत जाऊन बसतं, आणि तिला कोणी विचारलं तरच ते सांगतं. सहसा कोणी विचारत नाही. प्रोग्रॅम चालू दिसतो, सर्व्हर हिरवा दिसतो आणि आकडे मात्र यायचे थांबलेले असतात.

यावर उपाय दोन पातळ्यांवर करायचा. कामाच्या सगळ्यात बाहेरच्या कडेला ट्राय-कॅच घालायचा, म्हणजे चूक लॉगमध्ये जाईल पण फेरी तुटणार नाही. आणि आत, प्रत्येक केंद्रासाठी वेगळा ट्राय-कॅच ठेवायचा, म्हणजे एका केंद्राच्या बिघाडामुळे बाकीच्या मंडळांचे आकडे अडणार नाहीत. स्प्रिंग फ्रेमवर्क वापरणाऱ्यांना यातलं पहिलं काम करून मिळतं: ‘स्केड्यूल्ड’ या खुणेने चालणाऱ्या कामात चूक झाली तर स्प्रिंग ती लॉगमध्ये लिहितं आणि पुढची फेरी चालू ठेवतं. मात्र स्प्रिंग बूटमध्ये अशा सगळ्या कामांसाठी मुळात एकच थ्रेड दिलेला असतो. एसएमएस पाठवणारं काम नेटवर्कपायी अर्धा तास अडकलं, तर तापमान ओढणारं कामही तेवढा वेळ दारात उभं राहतं. थ्रेडची संख्या सेटिंगमध्ये वाढवणं हे एका ओळीचं काम आहे. ते पहिल्याच दिवशी करून टाकावं.

पहिल्या फेरीपासून मोजायचं की संपल्यापासून?

पुन्हा पुन्हा करायच्या कामाला वेळ देण्याच्या दोन तऱ्हा आहेत. ‘फिक्स्ड रेट’ म्हणजे दर १० मिनिटांनी सुरू कर: ६:००, ६:१०, ६:२०. ‘फिक्स्ड डिले’ म्हणजे एक फेरी संपली की १० मिनिटं थांब आणि मग पुढची घे. पहिल्या तऱ्हेत एखादी फेरी २५ मिनिटं चालली तर एक्झिक्युटर दुसरी फेरी तिच्या डोक्यावर चढवत नाही. ती संपण्याची वाट पाहतो आणि मग राहिलेल्या फेऱ्या पाठोपाठ उरकून वेळापत्रक गाठू पाहतो. जिथून आकडे आणायचे तो सर्व्हर आधीच दमलेला असेल, तर ही घाई त्याला आणखी दमवते. दुसऱ्याचं दार ठोठावणाऱ्या कामांना फिक्स्ड डिले बरा.

दिवस कधी सुरू होतो?

आता मुख्य हिशेब. रोज एकदा, प्रत्येक मंडळाचं त्या दिवसाचं किमान तापमान काढायचं. इथे बहुतेक जण विचार न करता ‘दिवस’ हा शब्द गृहीत धरतात, आणि नेमकी तिथेच मोठी चूक होते.

बरेचसे सर्व्हर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले असतात. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे सर्व्हरची मध्यरात्र होते तेव्हा रावेरात पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. आता जानेवारीतली रात्र डोळ्यांपुढे आणा. सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते आणि निरभ्र रात्रीचा पारा सगळ्यात खाली जातो तो सूर्योदयाच्या आसपास. म्हणजे सर्व्हरचा दिवस नेमका सगळ्यात गार वेळेला मधोमध कापला जातो.

याचा परिणाम पाहू. समजा १० जानेवारीच्या पहाटे साडेपाचपूर्वी तापमान ७.४ अंश होतं आणि पावणेसातला ६.९ अंश. ११ तारखेच्या पहाटेही तसंच. ९ आणि १२ तारखेच्या पहाटा मात्र उबदार, १२ अंशांच्या वर. खरं पाहता थंडीच्या पहाटा दोनच. पण यूटीसीच्या हिशेबात १० च्या पहाटेचे साडेपाचपूर्वीचे ७.४ अंश ९ तारखेच्या खात्यात पडतात आणि नंतरचे ६.९ अंश १० तारखेच्या. ११ च्या पहाटेचा पहिला भाग १० तारखेत, दुसरा ११ तारखेत. झाले ९, १० आणि ११ असे सलग तीन ‘थंड दिवस’. दोन रात्रींचे तीन दिवस झाले आणि नियम लागू झाला. प्रोग्रॅममधली एकही ओळ चुकलेली नाही. चुकला आहे तो दिवस.

हवामान खात्याला हे फार पूर्वीच उमगलेलं आहे. पावसाची नोंद सकाळी साडेआठला होते आणि ती मागच्या २४ तासांची असते. आपल्या कामालाही तीच हद्द सोयीची: सकाळी ८:३० ते दुसऱ्या सकाळी ८:३०. रात्र अखंड राहते, पहाट एकाच तारखेच्या खात्यात पडते. ही तारीख कोणती म्हणायची, सुरुवातीची की शेवटची, हेही एकदाच ठरवून लिहून ठेवायचं.

जावात यासाठी २०१४ च्या जावा ८ पासून ‘जावा डॉट टाइम’ हा संच आहे. स्टीफन कोलबोर्न यांच्या पुढाकाराने तो घडला. त्यातला ‘झोनआयडी’ घेऊन त्याला ‘एशिया/कोलकाता’ हे नाव द्यायचं आणि वेळापत्रकालाही तोच झोन स्पष्ट सांगायचा. सर्व्हरच्या झोनवर विसंबायचं नाही. आज तो मुंबईत असेल, उद्या सिंगापूरला हलवला जाईल. आपल्याकडे वर्षभर एकच वेळ असल्याने ही काळजी अनेकांना वायफळ वाटते. पण तीही कायमची गोष्ट नव्हती: भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासूनची, मुंबईने त्यानंतरही कित्येक दशकं आपली वेगळी वेळ चालवली, आणि दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ दरम्यान देशभरातली घड्याळं एक तास पुढे होती. पुण्यात बसून अमेरिकेतल्या कंपनीचं काम पाहणाऱ्या खानदेशी मुलामुलींना तर हे दरवर्षी भेटतं. तिथे मार्चमध्ये एका रविवारी पहाटेचे अडीच वाजतच नाहीत आणि नोव्हेंबरमध्ये एका रविवारी रात्रीचा दीड दोनदा वाजतो. त्या वेळेला लावलेलं काम एकदा हुकू शकतं आणि एकदा दोनदा होऊ शकतं.

पाच रकाने की सहा?

रोज सकाळी ठरलेल्या वेळेला काम लावायची जगन्मान्य लिपी म्हणजे क्रॉन. १९७९ च्या युनिक्स सातव्या आवृत्तीत हा कार्यक्रम होता आणि त्याची लिहिण्याची पद्धत आजही टिकून आहे. मिनिट, तास, महिन्यातली तारीख, महिना, वार: हे पाच रकाने. जावाच्या जगात मात्र क्वार्ट्झ ही वेळापत्रकाची लायब्ररी आणि स्प्रिंग या दोघांनीही सुरुवातीला सेकंदांचा रकाना जोडला. म्हणून सकाळी ९:१० साठी युनिक्समध्ये ‘१० ९ * * *’ लिहायचं, तर स्प्रिंगमध्ये ‘० १० ९ * * *’.

वाराच्या रकान्यात तर आणखी गोंधळ आहे. युनिक्स आणि स्प्रिंगमध्ये १ म्हणजे सोमवार. क्वार्ट्झमध्ये १ म्हणजे रविवार. सोमवारचा साप्ताहिक अहवाल रविवारी निघू लागतो, आणि रविवारी ऑफिसात कोणी नसल्याने ते महिनोन्‌महिने लक्षातही येत नाही. आकड्याऐवजी वाराचं तीन अक्षरी इंग्रजी नाव लिहिलं की हा प्रश्नच मिटतो.

आपण ९:१० का निवडले? दिवस ८:३० ला संपतो, पण रेंज नसलेल्या ठिकाणच्या केंद्राचे आकडे उशिरा येतात. चाळीस मिनिटांची मोकळीक दिली तरी सगळे आकडे येतीलच असं नाही. याचा विचार पुढे करू.

मोजणी नको, नोंद हवी

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. ‘सलग किती दिवस’ हे लक्षात कसं ठेवायचं?

सुचणारा पहिला मार्ग असा: प्रत्येक मंडळापुढे एक आकडा ठेवू. आज तापमान ८ किंवा त्याखाली असेल तर आकडा एकने वाढवू, नसेल तर शून्य करू. तीन झाला की एसएमएस. कोड चार ओळींचा होतो. पण हे काम चुकून दोनदा चाललं तर? एका दिवसात आकडा दोनने वाढला. एक दिवस चाललंच नाही तर? मधला दिवस थंड होता की उबदार, हे आकडा सांगूच शकत नाही. आणि मागच्या आठवड्यातला एक आकडा चुकीचा होता असं कळलं, तर मागे जाऊन दुरुस्ती करायची वाटच नाही.

दुसरा मार्ग असा. एक टेबल घ्यायचं. त्यात प्रत्येक मंडळाची प्रत्येक तारखेची एक ओळ. ओळीत चार गोष्टी: किमान तापमान, त्या दिवशी किती नोंदी आल्या, दिवस पूर्ण की अपुरा, आणि हिशेब कधी केला. मंडळ आणि तारीख या जोडीवर डेटाबेसमध्ये एकमेवतेची अट घालायची, म्हणजे त्या जोडीची दुसरी ओळ घालताच येणार नाही. तीच जोडी पुन्हा आली तर जुनीच ओळ ताजी होईल, अशी आज्ञा लिहायची. ‘सलग दिवस’ हा आकडा कुठेच साठवायचा नाही. गरज पडेल तेव्हा या ओळींवरून तो मोजायचा.

दर १० मिनिटांना एक नोंद धरली तर दिवसाच्या १४४ होतात. १० जानेवारीच्या ओळीत किमान ६.९ आणि नोंदी १४४ असं दिसलं तर निर्धास्त व्हावं. पण किमान ९.२ आणि नोंदी १२६ असं दिसलं तर थांबायला हवं. १८ नोंदी गायब आहेत, म्हणजे तीन तास. ते तीन तास दुपारचे असतील तर बिघडलं नाही. पहाटे पाच ते आठ असतील, तर खरं किमान आपल्याला ठाऊकच नाही. अशा दिवसावर ‘अपुरा’ हीच खूण हवी. अपुऱ्या दिवसाला उबदार ठरवणं म्हणजे शेतकऱ्याची साखळी आपल्या हाताने तोडणं.

हे एकदा साधलं की रोजच्या कामाचं स्वरूपच बदलतं. काम जागं झालं की ते ‘आजचा हिशेब कर’ असं म्हणत नाही. ते टेबलाला विचारतं: गेल्या सात दिवसांतली कोणती ओळ नाही, आणि कोणती अपुरी आहे? जेवढ्या सापडतील तेवढ्यांचा हिशेब नव्याने करतं. उशिरा आलेले आकडे दुसऱ्या दिवशी आपोआप सामावले जातात. काम दोनदा चाललं तरी टेबल तेच राहतं. संगणकशास्त्रात या गुणाला ‘आयडम्पोटन्स’ म्हणतात; एकदा केलं काय, दहादा केलं काय, निकाल एकच.

दोन सर्व्हर, एक काम

एक सर्व्हर बंद पडला तर दुसरा असावा म्हणून आपण प्रोग्रॅमच्या दोन प्रती चालवतो. दोन्हींमध्ये तेच वेळापत्रक असतं. सकाळी ९:१० ला दोन्ही जाग्या होतात आणि दोन्ही कामाला लागतात. तापमानाच्या टेबलाला त्याने धक्का लागणार नाही, पण एसएमएसचं काय?

इथे कुलूप लागतं. ‘शेडलॉक’ नावाची छोटी लायब्ररी डेटाबेसात कामाच्या नावाने एक ओळ लिहिते. जिने आधी लिहिली ती प्रत काम करते, दुसरी थांबून न राहता ती फेरी सोडून देते. कुलपाला कमाल मुदत द्यावी लागते, कारण कुलूप लावणारा सर्व्हर मध्येच मेला तर ते कोणी उघडायचं? पण मुदत १५ मिनिटांची असताना काम २० मिनिटं चाललं, तर पंधराव्या मिनिटानंतर दुसऱ्या प्रतीला रस्ता मोकळा होतो. जेम्स हाउस यांनी सुरू केलेलं क्वार्ट्झ हा अधिक मोठा कारभार आहे: त्याच्या क्लस्टर पद्धतीत कामं आणि त्यांच्या वेळा डेटाबेसातच राहतात आणि प्रत्येक फेरी एकच सर्व्हर उचलतो. त्यासाठी सगळ्या सर्व्हरांची घड्याळं एकमेकांशी सेकंदाच्या आत जुळलेली असावी लागतात.

कुलूप फुकटची मेहनत वाचवतं. शेवटची हमी मात्र एकमेवतेची अटच देते. म्हणून एसएमएससाठीही वेगळं टेबल ठेवायचं: शेतकरी, घटना आणि तारीख यांची एकच ओळ, आणि तिच्यापुढे ‘पाठवला’ किंवा ‘पाठवायचा’. तरीही एक चिमुकली फट उरते. एसएमएस गेला आणि ‘पाठवला’ असं लिहायच्या आधी वीज गेली, तर उठल्यावर तो पुन्हा जाईल. इथे ठरवावं लागतं की कोणती चूक परवडते. तोच एसएमएस दोनदा आला तर कोणाचं नुकसान नाही. एकदाही आला नाही तर आहे. पैसे पाठवायचे असतील तर उलट काळजी घ्यावी लागते: प्रत्येक भरपाईला कायमचा एक संदर्भ क्रमांक द्यायचा आणि पुन्हा पाठवतानाही तोच वापरायचा, म्हणजे समोरची प्रणाली दुसऱ्यांदा आलेली मागणी ओळखून नाकारू शकेल.

वीज आल्यावर सगळ्यांनी एकदम उठायचं का?

सर्व्हर तीन दिवस बंद होता. आता सुरू झाला. हुकलेल्या फेऱ्यांचं काय होतं, हे अवजारावर अवलंबून आहे. वेळापत्रक नुसतं मेमरीत असेल तर प्रोग्रॅम उठतो तेव्हा त्याला काही हुकल्याचं आठवतच नाही. क्वार्ट्झ डेटाबेसात वेळा ठेवत असेल तर त्याला कळतं. ठरलेल्या वेळेपासून मिनिटभराहून जास्त उशीर झाला की ती फेरी ‘मिसफायर’ धरली जाते. पण क्रॉन पद्धतीच्या वेळापत्रकात तीन फेऱ्या हुकल्या असल्या तरी आपण वेगळं काही सांगितलं नसेल तर क्वार्ट्झ एकदाच फेरी करतं, तीनदा नाही. ‘आजचा हिशेब कर’ असं लिहिलेल्या कामाचे मधले दोन दिवस इथे कायमचे बुडतात. ‘राहिलेल्या तारखा शोध’ असं लिहिलेल्या कामाला एकच फेरी पुरते.

उठल्यावर आणखी एक धोका असतो, आणि तो खानदेशातल्या शेतकऱ्याला चांगला ठाऊक आहे. शेतीला थ्री फेज वीज ठरावीक तासच मिळते, कधी दिवसा तर कधी रात्री. मध्यरात्री उठून विहिरीवर जायला नको म्हणून मोटारीला ऑटो स्विच बसवतात; वीज आली की मोटार आपोआप सुरू. पण एका डीपीवरच्या सगळ्या मोटारींना ऑटो स्विच असले तर वीज येताच सगळ्या एकाच क्षणी उठतात, आणि सुरू होताना मोटार नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. डीपी जळते आणि मग कोणालाच पाणी मिळत नाही. महावितरण ऑटो स्विच काढा असं वारंवार सांगतं ते याचसाठी.

सर्व्हर उठला आणि सगळ्या मंडळांचे तीन-तीन दिवसांचे हिशेब, सगळे एसएमएस, सगळे अहवाल एका क्षणी सुरू झाले, तर डेटाबेसची गत त्या डीपीसारखीच होते. रोजच्या वेळापत्रकातही हेच घडतं. जो तो आपलं काम रात्री बरोबर बाराला लावतो. म्हणून कामांच्या वेळा विखराव्यात, प्रत्येक फेरीला काही सेकंदांचा यादृच्छिक उशीर द्यावा, एका वेळी किती मंडळं हाताळायची याला मर्यादा घालावी, आणि बुडालेल्या तारखा जुन्यापासून नव्याकडे क्रमाने भराव्यात.

न झालेल्या कामाची खबर

काम चुकलं तर लॉगमध्ये ओळ येते. काम झालंच नाही तर कुठेच काही येत नाही. मग कळणार कसं?

काम स्वतःच्या अनुपस्थितीची तक्रार करू शकत नाही, म्हणून पहारा बाहेरचा हवा. यशस्वी फेरीच्या शेवटी कामाने एका वेगळ्या ठिकाणी ‘झालं’ अशी हजेरी लावायची. त्या ठिकाणाला ठाऊक असतं की ही हजेरी रोज सकाळी दहाच्या आत यायला हवी. आली नाही की ते संबंधित माणसाला फोन किंवा मेसेज करतं. हा पहारेकरी आपल्याच सर्व्हरवर ठेवला तर सर्व्हरसोबत तोही बंद पडेल. त्याला वेगळ्या यंत्रावर, शक्य तर वेगळ्या ठिकाणी बसवावं.

हजेरीतही नुसतं ‘झालं’ पुरेसं नाही. किती मंडळांचे दिवस पूर्ण झाले आणि किती अपुरे राहिले, तेही पाठवावं. काम वेळेवर चाललं पण शून्य मंडळांचा हिशेब झाला, हीही बंद पडल्याचीच एक तऱ्हा आहे. आणि त्या मेसेजच्या दुसऱ्या टोकाला एका माणसाचं नाव असलं पाहिजे. दहा जणांच्या ग्रुपवर गेलेली सूचना प्रत्येक जण दुसऱ्याची समजतो.

कसाला लावून पाहा

जळगाव, धुळे, शिरपूरच्या महाविद्यालयांत जावा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना या प्रकरणातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ती अशी: घड्याळाचं काम फक्त जागं करण्याचं आहे. काय करायचं राहिलं आहे, हे ठरवण्याचा अधिकार तारखेनिशी लिहिलेल्या नोंदीला द्या. लायब्ररी कोणतीही निवडा. नोंद पक्की असेल तर साधा एक्झिक्युटरही पुरतो, आणि नोंद नसेल तर मोठ्यात मोठी प्रणाली वाचवत नाही.

आपलं काम या कसाला उतरतं का, हे एका दुपारी तपासता येतं. चाचणीच्या सर्व्हरवर १४ दिवसांचे खोटे आकडे भरा. काम सुरू करा आणि मध्येच प्रोसेस मारून टाका. पुन्हा सुरू करा. मग दोन प्रती एकदम चालवा. सर्व्हरचा टाइमझोन बदला. एका केंद्राच्या पहाटेच्या नोंदी काढून घ्या, फेरी होऊ द्या, आणि त्या नोंदी परत टाकून दुसरी फेरी होऊ द्या. शेवटी ते टेबल कोणताही अडथळा न आणता चालवलेल्या कामाच्या टेबलाशी ओळ न ओळ ताडून पाहा. हिशेबाची वेळ दाखवणारा रकाना वेगळा असणारच. बाकी एकही आकडा हलता कामा नये. तो हलला नाही, तरच असं काम शेतकऱ्याच्या दाव्यावर सोडण्याचा आपल्याला अधिकार आहे.